मामांच्या जीपची शिट्टी

ब्रह्मदेवाच्या हाताखाली आमचे मामा कामाला असते, तर माणसाला तिसरा हात नक्की बसला असता आणि तो पहिल्या दोन हातांपेक्षा जरा जास्तच तापला असता. दुकानातून आणलेली वस्तू अर्धवट असते आणि ती पुरी करायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची, अशी त्यांची ठाम समजूत आहे. ढोकीजवळच्या त्यांच्या घरात एकही वस्तू जन्मली तशी राहिलेली नाही. झोपाळ्याला ट्रॅक्टरची सीट आहे. सायकलला ट्रकचा भोंगा आहे. तो वाजवायला बॅटरी लागते आणि त्या बॅटरीच्या वजनामुळं सायकल चढावर ढकलत न्यावी लागते. मामीच्या मिक्सरला त्यांनी एकदा कडबाकुट्टीची मोटर जोडली. शेंगदाण्याची चटणी डोळ्याचं पातं लवायच्या आत झाली हे खरं, पण ती आढ्यावरून खरवडायला शिडी लावावी लागली. मामी खालून शिडी धरून म्हणाल्या, "ऱ्हावा तितंच. भाकरीबी वरच वाढते तुमाला." मामांनी आढ्यावर बोट फिरवलं, चाखलं आणि जाहीर केलं, "बारीक झालीय बग, लई बारीक!" साठी ओलांडली, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी लोक जिथं पेन अडकवतात त्या खिशाला त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर असतोच. लग्नाकार्यातही असतो. फोटोत तो दिसतो.

माणूस असा उचापती, पण वाकडी वाट मात्र त्यांना चालत नाही. तुळजापूरला गेले की मंदिरातला कुणी ना कुणी ओळखीचा निघतो आणि "चला, पुढनं सोडतो" म्हणतो. मामा हात जोडतात आणि रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहतात. मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाले, "ओळखीनं आत घुसल्यावर आई इचारंल की, बाबा, म्होरं हुबी असलेली लेकरं कुठं टाकून आलास? मग काय सांगू?" त्या दिवशी देवीनं आमची वाट संध्याकाळपर्यंत पाहिली आणि मी मनातल्या मनात मामांचा उद्धार केला.

अशा माणसाच्या जीपनं धुराच्या परीक्षेत नापास व्हावं, हा मोठाच प्रसंग होता. पण त्याआधी ती जीप कशासाठी होती ते सांगायला हवं. मामांना बहीण एकच, ती माझी आई. जळकोटला दिलेली. नागपंचमीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्याच पंचमीला मामांची एसटी चुकली. पोचले तेव्हा गल्लीतल्या सगळ्या सुना माहेरी निघून गेल्या होत्या आणि आई मांडीवर पिशवी घेऊन एकटी पायरीवर बसली होती. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिला विचारत होती, "भाऊ आला न्हाय व्हय गं?" मामा तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर. ते दृश्य त्यांच्या काळजात जे रुतलं ते कायमचं. पुढं हातात पैसा आला तेव्हा त्यांनी जुनी डिझेल जीप घेतली ती यासाठीच. आज आई सत्तरीला आली, तिच्या सुनांचे भाऊ मुराळी येतात, तरी मामांचं मुराळीपण सुटलेलं नाही.

त्या जीपला टर्बो बसला तो मात्र आईच्या एका वाक्यामुळं. नळदुर्गच्या अलीकडच्या चढावर, आई शेजारी बसलेली असताना, खडी भरलेल्या एका ट्रॅक्टरनं जीपला मागं टाकलं. आई आपली सहज बोलून गेली, "बाळा, त्याच्यात बसले आसते तर लवकर पोचले आसते की." मामांनी ते मनावर घेतलं. महिनाभरात ऊस वाहणाऱ्या एका म्हाताऱ्या, भंगारात निघालेल्या ट्रकचा टर्बो त्यांनी जीपला बसवला. टर्बो म्हणजे धुराच्या झोतावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा वाढली म्हणून मामांनी पंपाचा स्क्रू पिळून डिझेलही वाढवलं, आणि हात सैल असल्यामुळं जरा जास्तच वाढवलं. जीप सुसाट निघाली. मागं काळाकुट्ट धूर, आणि पुढं शिट्टी! जीप गावाबाहेरच्या पुलावर आली की ती शिट्टी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. मीही वाटेत धाराशिवला मामांच्या जीपमध्ये चढायचो. आम्ही दोघं दाराशी पोचायचो तेव्हा आई पदराला हात पुसत आतून यायची आणि म्हणायची, "आलास व्हय? मला वाटलं यंदा जमतंय का न्हाय." मामा मला कोपरानं ढोसून कौतुकानं सांगायचे, "बगितलंस? शिट्टी आयकल्याबिगर आक्का पिशवी भरत न्हाय."

तर गेल्या वर्षी मामांना हमरस्त्यावर पोलिसांनी अडवलं. गाडीची पीयूसी, म्हणजे धूर मर्यादेत असल्याचा दाखला, नव्हता. दंडाचं मामांना काही वाटलं नाही, पण अडवणारा जीपला 'धुराडं' म्हणाला ते लागलं. ही बातमी त्यांच्या सोलापूरच्या मुलाला कळली आणि त्यानं बापाला निर्वाणीचं बजावलं, "पंचमीच्या आत पीयूसी झाली तर ठिवा. न्हाय झाली तर जीप भंगारात, आन् आत्याला म्या माझ्या गाडीतनं आणतो." मुलाची गाडी चांगली आहे, थंडगार आहे. पण त्यात मामा मागच्या सीटवर बसणार, म्हणजे मुराळी दुसराच कुणी होणार. मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "हुतीय. न्हाय कशी हुत?"

मी धाराशिवला नोकरीला असल्यामुळं साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली. पीयूसीची व्हॅन एका पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी असते. तिथल्या ताई दोन गाड्यांच्या मध्ये मेथी निवडत बसतात. मामा जीपला अंघोळ घालून, हळदकुंकू लावून, वर नारळ फोडून आले होते. ताईंनी सायलेन्सरात नळी खुपसली आणि म्हणाल्या, "काका, दाबा पाय. आनखी दाबा." मामांनी दाबला. शिट्टी झाली, आणि मग जो धूर निघाला त्यात ताई, व्हॅन आणि मी असे तिघंही काही काळ नाहीसे झालो. धूर विरळ झाल्यावर ताईंनी पडद्यावरचा आकडा पाहिला, मग मेथीकडं पाहिलं. "काका, गाडी नापास. आन् ही भाजीबी."

मामा हटले नाहीत. एअर फिल्टर नवा घातला, नोझल उतरवून साफ केले, सायलेन्सर काढून हौदावर म्हशीसारखा धुतला. दुसऱ्या खेपेला येताना शेतातली मेथीची मोठी जुडी आणली. ताईंनी संशयानं विचारलं, "पास करायला?" मामा म्हणाले, "न्हाय ओ, मागल्या धुराची भरपाई. मशीनला काय खायला घालता येत न्हाय, म्हाईताय मला." मशीननं खरंच भीड ठेवली नाही. गाडी पुन्हा नापास. तिथंच बाकड्यावर चहा पीत बसलेला एकजण मामांच्या कानाशी लागला, "काका, कशाला बेजार हुताव? गाडी घरी ठिवा, निस्ता नंबर सांगा. माझ्या वळखीनं कागद मिळंल." मामांनी त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं. "कागद पास झाला तर भनीला कागदावर बशिवून आणू व्हय?" तो माणूस चहा अर्धा टाकून गेला.

पंचमी दोन दिवसांवर आली तेव्हा शेवटचा उपाय म्हणून आम्ही जीप येडशीच्या पुढपर्यंत पळवली. इंजिन चांगलं तापलं की नळीतली काजळी उडून जाते, असं मामांचं म्हणणं. शिट्टीनं माझे कान बधिर झाले होते. परतताना चहाला थांबलो तेव्हा मी न राहवून ओरडलोच, "मामा, तुम्ही पंपाचा तो स्क्रू मागं का घेत नाही? डिझेल कमी झालं की धूर आपोआप कमी होईल!" मामांनी बशीत चहा ओतला. इतके हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"म्या काय येडा हाय व्हय? स्क्रू म्याच पिळलाय. माघारी घेतला की धूर जातोय, म्हाईताय. पण डिझेल कमी झालं की टर्बोबी थंडावतोय, मग शिट्टी जाती. शिट्टी गेल्यावर आक्काला कसं कळायचं भाऊ आलाय म्हणून? म्या पुलावर आलो की तिचा जीव खाली पडतोय. पुन्यांदा पायरीवर बसवू व्हय तिला?"

इतके दिवस मी या माणसाला हट्टी म्हणत होतो. टर्बोचा तोरा मिरवायचा म्हणून चाललंय सगळं, असंही म्हणालो होतो, घरी, बायकोजवळ. मला चहा गोड लागेना.

तापलेली जीप घेऊन आम्ही थेट व्हॅनपाशी गेलो. आकडा बराच उतरला होता, पण मर्यादेच्या वरच. ताईंनाही वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "काका, परवा पंचमी. म्याबी उद्या माहेरी चालले. आज न्हाय झाली तर मग सणानंतरच." मामा बोनेटला टेकून उभे राहिले. मग त्यांनी बोनेट उघडलं, खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि स्क्रू मागं घेतला. परत पाय दाबला. इंजिन नुसतं घोगरं गुरगुरलं. ताई आनंदानं ओरडल्या, "पास! काका, पास!" मामांनी दाखला घेतला, कपाळाला लावला आणि चौघडी करून खिशात घातला. अभिनंदन करायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जळकोटला निघालो. पूल आला तसा मामांनी गिअर उतरवून पाय दाबून पाहिला. काही नाही. त्यांनी जीप कडेला घेतली, खाली उतरले, बोनेट उघडलं. स्क्रू-ड्रायव्हर हातात. दाखला तर मिळालाच होता, आता अर्धा पीळ दिला असता तर कुणाला कळणार होतं? मी तोंड फिरवून शेताकडं पाहत बसलो. मागं बोनेट आपटल्याचा आवाज आला. मामा चढून बसले. "पास झालेली गाडी हाय," एवढंच म्हणाले.

गल्लीत जीप अशी आली की कुत्रंही उठलं नाही. आणि समोर आमच्या पायरीवर आई बसली होती. मांडीवर भरलेली पिशवी, डोक्यावर पदर, मान भिंतीला टेकून डुलकी लागलेली. मामांनी इंजिन बंद केलं, पण त्यांना खाली उतरवेना. शेवटी आईच दचकून जागी झाली आणि पिशवी पदराखाली लपवायला लागली.

"शिट्टी कुठं गेली रं बाळा?"

"गेली आक्का. परीक्षेत गेली." मामा एकदाचे खाली उतरले. "कवापसनं बसलीस?"

"आत्ताच की," आई म्हणाली. मग मामांच्या तोंडाकडं बघून तिलाच राहवलं नाही. "सकाळधरनं. दरसाल बसते. पुलावर तुझी शिट्टी झाली की उठून आत जायचे, चुलीपाशी. पयल्या पंचमीला मला पायरीवर बगून तुझं तोंड कसं झालं हुतं, इसरले न्हाय म्या. पुन्यांदा तुला दिसाया नगं म्हणून जायचे."

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि पिशवी उचलून जीपमध्ये ठेवली. वाटेत नळदुर्गच्या चढावर कुणाचा तरी ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. इतक्या वर्षांत शिट्टीमुळं या गाडीत बोलताच येत नसे. त्या दिवशी दोघं ढोकीपर्यंत बोलत होती. मागच्या सीटवर बसून मी ऐकत होतो आणि डोळ्यांत धूर गेला म्हणावं तर आता धूरही नव्हता.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी मामांनी मला भल्या पहाटे उठवलं. "चल, तिनं पायरीवर यायच्या आत पोचायचं." अंधारात निघालो. जळकोटला पोचलो तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. आई पायरीवर होतीच.