शब्द परत पाठवणारा माणूस

तेव्हा मी हिंगणघाटला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. कुणीही फुकट वापरावं, उघडून बघावं, वाटल्यास बदलावं, अशा सॉफ्टवेअरला मराठी शब्द देणारी काही मंडळी इंटरनेटवर जमली होती. दुपारच्या रिकाम्या तासात मीही त्यांच्यासाठी भाषांतर करू लागले. सगळा व्यवहार ई-मेलवर. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं.

आमचे शब्द एक जण तपासायचे. नावाऐवजी दोन अक्षरं लिहायचे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की अख्खी यादी परत. भाषा इतकी शुद्ध आणि करडी, की हा पुण्याचा निवृत्त प्राध्यापक असणार याबद्दल मला शंकाच नव्हती. एकदा माझे सगळे शब्द परत आले तेव्हा मी भडकले. सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "पुण्यात बसून आम्हाला मराठी शिकवू नका. थोडी माहीती आम्हालाही आहे."

एका ओळीत उत्तर आलं, "आपले म्हणणे मान्य. 'माहिती'मधील 'हि' ऱ्हस्व असतो."

त्या हिवाळ्यात विदर्भातल्या मंडळींनी वर्ध्याला भेटायचं ठरवलं. एका कॉलेजातली खोली मिळाली. इंजिनिअरिंगची तीन मुलं आणि मी, एवढेच जमलो होतो. तेवढ्यात पायजमा-शर्टातले एक म्हातारे गृहस्थ कापडी पिशवी घेऊन दारात उभे राहिले.

"ते मराठीचं काम इथंच चालू आहे का?"

मला वाटलं, कुणाचे तरी वडील असतील. त्यांना खुर्ची दिली आणि मुलांना म्हटलं, "ते पुण्याचे प्रोफेसर काही येत नाहीत इथवर. चला, सुरू करू."

म्हाताऱ्यांनी पिशवीतून वही काढली. पानभर माझेच शब्द, शेजारी लाल शाईने दुरुस्त्या.

"मी आर्वीजवळच्या रोहण्याचा आहो, पोरी," ते म्हणाले. "पुण्याले एकदाही नाई गेलो."

मी ओशाळून माफी मागितली. ते नुसते हसले. आर्वीच्या एका छापखान्यात शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळी जुळवण्यात त्यांची हयात गेली होती. "मंग मालकानं कॉम्प्युटर आणला. अक्षरं भंगारात गेली अन् आम्ही घरी."

"मंग त्याच कॉम्प्युटरसाठी फुकट काऊन राबता?" मीही नकळत घरच्या बोलीवर आले.

"सुनेनं त्याच्यातलं मराठी कागदावर छापून दाखवलं. गजबच चुका. पाहवलं नाई मले."

सून आर्वीला शाळेत शिकवायची. तीच याद्या शाळेतल्या वेगळ्या सॉफ्टवेअरवर छापून आणायची, त्यात अक्षरं नीट उमटायची, आणि त्यांचं उत्तर टाइप करून पाठवायची. सॉफ्टवेअर चालताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं! एका मुलाने लगेच कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावला, आणि ताडकन उभे राहिले.

"हे काय होय?"

पडद्यावर जोडाक्षरं फुटलेली होती. 'स्थिती'मधला स तुटून वेगळा, वेलांटी भलत्याच ठिकाणी लोंबत. आमच्या डोळ्यांना त्याची सवय झाली होती, त्यांना सांगावं हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"वर्षभर हे असंच दिसून राह्यलं? अन् मी ऱ्हस्व-दीर्घ पाहत बसलो?" ते पडद्यावरच्या एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले. ते रोहण्याचे निघाल्याने बसला नव्हता एवढा धक्का मला आता बसला.

मग दिवसभर ते फुटलेलं एकेक अक्षर वहीत नीट काढून देत होते. मी खाली इंग्रजीत खुलासा लिहिला आणि मुलांनी ती पानं कॉम्प्युटरसाठी अक्षरं बनवणाऱ्या परदेशातल्या लोकांना पाठवली. आठवड्यातच उत्तर आलं. लिहिणाऱ्याला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्याने विचारलं होतं, "ही चित्रं कुणी काढली? आणखी पाठवाल का?"

नंतर कित्येक महिने रोहण्याहून माझ्या क्लासच्या पत्त्यावर हाताने काढलेल्या अक्षरांची पाकिटं येत राहिली.

सुधारलेली अक्षरं आली तेव्हा सुनेला घेऊन ते स्वतः हिंगणघाटला आले. पडद्यावरची एकेक खिडकी उघडायला लावून सगळं वाचलं. सून हळूच मला म्हणाली, "छापखाना सुटल्यापासून मामाजींनी कॉम्प्युटरले हातच नाई लावला. घरी आणू म्हटलं तं चिडत."

त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. की-बोर्ड पुढे ओढत ते मला म्हणाले, "ह्याच्यावर लिहाचं कसं, ते दाखवजो मले."