काय कुटताय?

आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय मी एका लोखंडी बत्त्यावर सोपवला होता. हे सांगताना लाज वाटायला हवी, पण या वयात लाज कमी आणि मजा जास्त वाटते. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

चिंचवडच्या माळावर तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते. आमच्या ह्यांना त्यातल्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली. मी आमच्या कृष्णाकाठच्या गावी शाळेत दुसरीच्या वर्गावर होते. सासर-माहेर दोन्ही तिथंच, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. लग्नानंतर वर्षभर हे शनिवारी रात्री यायचे आणि रविवारी दुपारी पिशवी भरायला लागायचे. मग ह्यांनी कामगारांच्या वसाहतीत एका बैठ्या चाळीत दोन खोल्या घेतल्या, आणि संक्रांत झाल्यावर मी बिनपगारी रजा टाकून तिथं गेले. रजा होळीपर्यंत. तोवर ठरवायचं: राजीनामा देऊन इथलंच व्हायचं, की परत जाऊन जन्मभर शनिवारची वाट बघायची.

"तुम्हीच सांगा ना काय करू," मी म्हणायचे.

"मी नाही सांगणार," हे म्हणायचे. "राहा म्हटलं तर म्हातारी होईपर्यंत ऐकवशील, की तुमच्यापायी नोकरी सोडली. जा म्हटलं तरी ऐकवशील. तुझं तू ठरव."

माणूस हुशार होता. पण हुशार माणसाबरोबर राहणं फार एकटेपणाचं काम असतं, हे मला त्या दोन खोल्यांत कळलं.

त्या जागेला शहर म्हणावं तर अंधार पडल्यावर रस्त्याला दिवा नाही. गाव म्हणावं तर पार नाही, आणि पारावरचे रिकामटेकडेही नाहीत. सकाळी भोंगा व्हायचा. सायकलींचा लोंढा चाळीवरून जायचा, आणि मग फळा पुसावा तसा रस्ता रिकामा. समोर बाभळी, त्यापलीकडे कारखान्याची लांब पत्र्याची शेड, मधून एखादा ट्रक. हे जनरल शिफ्टला. सकाळी डबा घेऊन गेले की दिवेलागणीलाच परत.

आमच्या ओळीतली बरीच दारं दिवसभर बंद. आतून कडी, खिडकीला जुनी चादर. आमच्या गावात दिवसा दार लावलेलं घर म्हणजे एक तर माणसं परगावी गेलेली, नाहीतर आत भांडण चाललेलं. इथं ना कुणी परगावी, ना कुणाचं भांडण. कुणाचा रेडिओसुद्धा नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरातली बाई सकाळी नळावर दिसायची. बोलणं मराठवाड्याकडचं, वय माझ्याएवढंच. हंडा भरला की पळायची. एकदा मी म्हटलं, "दुपारच्या या ना बसायला." ती आपल्या दाराकडे बघत म्हणाली, "येईन की," आणि गेली ती गेलीच.

शाळेत दिवसभर "बाई, बाई" करून पोरं माझं डोकं उठवायची. इथं भोंग्यापासून भोंग्यापर्यंत मला कुणी हाक मारत नसे. हाकच आली नाही की माणूस आपण आहोत ना, असं चाचपून बघायला लागतं. मी भिंतींना पाढे म्हणून दाखवायचे. एकोणतीसचा पाढा एकदाही न चुकता म्हटला, आणि शाबास म्हणायला कुणी नव्हतं म्हणून पदर तोंडात घालून रडले. चोवीस वर्षांची घोडी, पाढ्यावरून रडते!

तर त्या घोडीला युक्ती सुचली. आमच्या गावात बत्त्याचा आवाज झाला की शेजारीण हातातलं काम टाकून दारात हजर. "काय कुटताय?" म्हणायचं, बोटभर चाखायचं, "मीठ कमी आहे" म्हणायचं आणि तासभर बसायचं. आईनं लग्नात दिलेला लोखंडी खलबत्ता ट्रंकेच्या तळाशी होता. तो मी बाहेर काढला आणि मनात कौल लावला. देवाला फुलं लावतात, मी खलबत्ता लावला. होळीच्या आत कुणी दारात येऊन "काय कुटताय?" विचारलं, तर राहायचं. नाही विचारलं, तर बिऱ्हाड आवरून जायचं. शिकलेली बाई मी! मुलांना शास्त्र शिकवत होते.

दुपारी जेवण झालं की सुरू. खल मुद्दाम शेजारच्या भिंतीशी ठेवला, आवाज नीट जावा म्हणून. आधी दाण्याचं कूट. मग तीळ, कारळं, लसूण-खोबरं. कुणी येईना, तसा मी जोर वाढवला. मध्ये थांबून कानोसा घ्यायचे. पलीकडे एकदा काहीतरी आपटल्याचा आवाज आला, तर मला वाटलं, बाई उठली, निघाली! केस सारखे केले, कुंकवाचा करंडा हाताशी घेतला. कुणी आलं नाही. करंडा तसाच खलाजवळ राहिला, मग रोजच तिथं राहायला लागला.

घरात कुटाचे डबे भरले. हे जेवताना एक दिवस म्हणाले, "आमटीत कूट, भाजीत कूट, काकडीत कूट. उद्या चहात घालणार का?"

"नको असेल तर काढून ठेवा बाजूला."

"नको नाही गं," हे म्हणाले, "पण कोण येणार आहे एवढं खायला?"

तो प्रश्न त्यांनी अगदी साधा विचारला होता. दुसऱ्या दिवशी मी दुप्पट दाणे भाजले.

होळी आठवड्यावर आली. सोमवारी दुपारी माझा बत्ता जोरात चालला होता आणि कडी वाजली. खरोखर वाजली! मी उठले. पदर सावरला, करंडा घेतला, दार उघडलं.

दारात पट्ट्यापट्ट्याचा लेंगा आणि बनियन घातलेला एक उंच पुरुष उभा. डोळे लालभडक, केस उभे. मी त्याला जन्मात कधी पाहिला नव्हता. माझ्या हातात कुंकवाचा करंडा.

"बाई," तो माणूस म्हणाला, "रोज काय कुटायलात एवढं?"

शब्द मी मागितले तेच. देवानं कौल दिला, पण तोंड चुकवलं.

मी करंडा पाठीमागे लपवला. तोच हात जोडून म्हणाला, "भट्टीवर रातपाळी हाय मला, कितीतरी महिने झाले. दिवसा झोपलो नाही तर रातच्याला तिथं डुलकी लागती बघा." आणि वळून शेजारच्या दारात गेला. आतून कडी लागली.

तेव्हा मला त्या ओळीतली सगळी बंद दारं एकदम कळली. आत माणसं झोपलेली होती. आमचे हे जनरल शिफ्टचे, रात्रपाळीची माणसं कामाला निघायची तेव्हा आमच्या घोरण्याची वेळ. आख्खी चाळ पाऊल न वाजवता वावरत होती, आणि मधोमध ही गावाकडची मास्तरीण ठाण ठाण ठाण!

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, "माझं ठरलं. मी जाते परत."

हे बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसले. मग म्हणाले, "बरं. शनिवारी येत जाईन." दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी ह्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढून पुसून ठेवली. ती पुसलेली ट्रंक बघून मला जास्त वाईट वाटलं. ह्यांनी थांब म्हणायला हवं होतं का? म्हटलं असतं तर मी जन्मभर ऐकवलं असतं, हेही खरंच.

मंगळवारपासून मी बत्त्याला हात लावला नाही. खल ट्रंकेच्या तळाशी, त्यावर लुगडी. दुपारी दोन्ही घरांत इतकं शांत, की नळावर ठिबकणारं पाणी ऐकू यायचं. मी भिंतीला पाठ लावून बसायचे. पाढेसुद्धा म्हटले नाहीत. तोंडातल्या तोंडात म्हणायलाही भीती वाटत होती.

आता तुम्हाला माहीतच आहे, मी गेले नाही. गेले असते तर ही म्हातारी आज चिंचवडात बसून तुम्हाला छळत नसती. राजीनामा होळीच्या आदल्या दिवशी पोस्टात पडला. सासूबाईंनी विचारलं, असं एकाएकी काय झालं? मी कळवलं, इथलं पाणी मानवलं. ह्यांनी कारण विचारलं नाही. ट्रंक परत माळ्यावर चढवली आणि दोन दिवस शीळ घालत हिंडत होते. पुढं एकटेपणा संपला असं मात्र समजू नका. कित्येक वर्षं त्या दुपारी तशाच मोठ्या होत्या, आणि गावचे शनिवारही स्वप्नात येत राहिले. फक्त त्या भिंतीकडे पाठ करून बसणं मला परत जमलं नाही.

त्याचं कारण असं. शुक्रवारी संध्याकाळी मी ट्रंकेला दोरी बांधत होते. दार उघडंच होतं. शेजारची बाई येऊन चौकटीत उभी राहिली, पदर डोक्यावरून. मला वाटलं, आता हिच्याही तोंडचं ऐकायचं. मी घाईनं म्हटलं, "चुकलं हो माझं. मला ठाऊक नव्हतं. आता नाही कुटत मी, जातेच आहे." तिनं ट्रंकेकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. मागं वळून रस्त्यावर कुणी नाही ना, ते पाहिलं. मग आत आली, खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली,

"मालक रोज म्हणायचे, जा, सांगून ये त्या बाईला. मी म्हणायची, उद्या जाते. शेवटी सोताच उठून आले. तुमी कुटत होता तवर घरात कुनीतरी हाय असं वाटायचं बघा. मंगळवारपास्नं नुस्तं घड्याळ हाय."