डबलचे शॉकअप

बायको गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात आमच्या मोटरसायकलचा मागचा डावा शॉकअप गेला. आतलं तेल सगळं गळून गेलं आणि गाडी डाव्या अंगाने लंगडायला लागली. दोन हजार सालानंतरची गोष्ट, गाडी तेव्हाच म्हातारी होती. डावाच का गेला ते मला विचारा. तीस वर्षं ती साडी सावरून डावीकडे पाय सोडून बसली, मांडीवर फुलांची पाटी. सगळा भार त्याच बाजूला. उजवा अजून ठणठणीत होता.

पापडीच्या वाडीत मी एकटाच उरलो होतो. मुलगा बोळिंजला फ्लॅटमध्ये राहतो. रविवारी आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बाबा, आता काढून टाका ही. घेणारा आहे माझ्याकडे."

"का काढू?"

"मागे बसायला आता आहे कोण?"

बोलला आणि त्याने जीभ चावली. पण बोलून झालं होतं. मी म्हटलं, "तुझ्या घेणाऱ्याला म्हणावं, मी मेल्यावर ये." आणि सोमवारी लंगडी गाडी घेऊन निघालो.

आमच्या गावच्या मेकॅनिकने आधीच हात वर केले होते, एवढ्या जुन्या गाडीचा माल येत नाही म्हणून. विरार पूर्वेला फुलपाड्यात एक जण जुन्या गाड्यांचे पार्ट ठेवतो असं कळलं होतं. तिथे पोचेपर्यंत हाडं खिळखिळी झाली.

दुकानदार चाळिशीचा, बोलायला गोड. गाडी दाबून बघितली आणि म्हणाला, "काका, एक गेला तरी जोडीच बदलायची. एक जुना एक नवा ठेवला तर गाडी वाकडी पळते." ते मला माहीत होतं. मग त्याने विचारलं, "सिंगल चालवता का डबल?"

"डबल."

त्याने माझ्या मागे बघितलं. मागे कोण असणार?

"काकींना आणायचं ना बरोबर. बसवूनच सेटिंग केलं असतं."

"ती नाही येत."

"मग वजन सांगा. किती किलो?"

इथे मी अडकलो. तीस वर्षं मागे बसवली, पण किलोत कोण मोजतो? एकच आकडा मला ठाऊक होता, हॉस्पिटलातला. शेवटच्या आठवड्यात तिला धरून काट्यावर उभी केली होती आणि नर्सने कागदावर लिहिलं होतं, अडतीस. तो आकडा ओठावर आला आणि मी गिळला. अडतीस किलोची ती माझ्या गाडीवर कधी बसलीच नाही. तेव्हा तिला रिक्षानेच नेत होतो. अडतिसाचे शॉकअप मी लावणार नव्हतो.

"तीन लोंगर," मी म्हटलं.

"काय?"

"केळीचे लोंगर रे. घड. चांगले भरलेले तीन."

तो हसला. "काका, लोंगरावर शॉकअप कुठली कंपनी बनवत नाही."

त्याने आतून दोन जोड्या आणल्या. एक गॅसची, बाजूला नळकांडं असलेली, पोरं हौसेने लावतात तसली. दुसरी साधी, जाड स्प्रिंगची. म्हणाला, "गॅसची न्या. एकट्या माणसाला रस्ता कळणार नाही."

"एकटा कोण म्हणाला? आधी एक लाव, मग दुसरी. बसून बघतो."

कुरकुरला, पण गॅसची लावली. मी पुढे बसलो आणि म्हटलं, "आता तू बस मागे." तो टांग टाकायला लागला. "तसा नाही. बाईमाणसासारखा. दोन्ही पाय डावीकडे."

शेजारचा टायरवाला ओरडला, "अरे, वरात कुठे निघाली? नवरीला पदर तरी द्या कोणी!"

"हसू दे त्याला. तू बस."

त्याला काय सांगणार? ती कधी 'चला' म्हणाली नाही, मी कधी मागे वळून बघितलं नाही. ती बसली की गाडी बोटभर दबायची. दबली की मी गियर टाकायचा. एकदा बाजारात तिने भरलेली पाटी सीटवर ठेवली आणि भाजीवालीशी बोलत उभी राहिली. गाडी दबली, मी निघालो. निम्मा रस्ता पाटीशी भांडत आलो. ती मागून चालत घरी आली आणि पुढे आठ दिवस येईल त्याला सांगत होती, "आमच्या ह्यांचा पाटीबरोबरसुद्धा संसार होईल. ती उलट बोलत नाही ना!"

गॅसची जोडी दबलीच नाही. दगडावर बसल्यासारखं वाटलं. ती काढायला लावली. साधी भसकन खाली गेली.

"तुझं वजन किती?"

"अडुसष्ट."

"मग ती तुझ्याहून हलकी. पण एवढा फरक नाही. स्प्रिंगची खाच वर घे."

दोनदा खाच फिरवायला लावली, दोनदा त्याला उतरवला, पुन्हा बसवला. टायरवाल्याचं हसणं थांबलं होतं. तिसऱ्यांदा तो बसला, गाडी दबली आणि माझा पाय आपोआप गियरवर गेला. इंजिन बंद होतं.

"हीच," मी म्हटलं. "आवळ."

तो उतरला. हळूच विचारलं, "काका, काकी कधी गेल्या?"

"दीड महिना झाला."

त्याने सगळे नट पुन्हा एकदा आवळले.

परतताना बोळिंजला मुलाच्या बिल्डिंगखाली थांबून हॉर्न दिला. तो नुकताच कामावरून आला होता. खाली उतरला, हाताने सीट दाबून बघितली.

"बाबा, हे डबलचं सेटिंग आहे. एकट्याने चालवलीत तर गाडी उडेल."

"उडू दे."

"पण मागे बसवणार कोणाला?"

"कोणालाच नाही. पण ही गाडी मी एका माणसाची करून घेणार नाही. कळव तुझ्या घेणाऱ्याला."

त्याने सीटवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "कळवतो."

मी निघालो. तो रस्ता तेव्हा पाण्याच्या पाइपासाठी खणून ठेवलेला होता. प्रत्येक खड्ड्यात रिकामी सीट टणकन उसळत होती. मी गाडी हळू केली नाही.