रेघेच्या वर सहा बोटं

पाच किलोचं लोखंडी वजन लांब दोरीला टांगायचं, भिंतीला डोकं टेकून उभं राहायचं, वजन नाकापाशी ओढून धरायचं आणि सोडून द्यायचं. ते झोका घेऊन पलीकडं जातं, परत येतं आणि नाकाजवळ येऊन मागं वळतं. आपण हलायचं नाही, एवढीच अट. दरवर्षी अकरावीच्या पोरांसमोर मी हा प्रयोग करायचे आणि दरवर्षी पुढच्या बाकावरच्या पोरी डोळे झाकून घ्यायच्या. मी सांगायचे, ‘बायांनो, जेवढ्या उंचीवरून सोडलं तेवढंच वर येणार ते. जास्तीचं आणणार कुठून? निसर्गात फुकट काही मिळत नाही, ते आपल्या तालुक्याच्या राजकारणात मिळतं.’ पोरं हसायची आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम हसता हसता डोक्यात बसायचा.

आमचं ज्युनिअर कॉलेज बीडहून पाटोद्याकडं जाताना लिंबागणेशच्या अलीकडं. भौतिकशास्त्राला आम्ही दोघी, आणि दोघीही तासिका तत्त्वावर. तास असला तर बाई, नसला तर घरी. दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा, तेव्हा आमचे तासही निम्मे व्हायचे. सहा वर्षं आम्ही एकाच जीपनं बीडहून आलो-गेलो. भाकरी माझी, जवसाची चटणी तिची. माझ्या बाळंतपणात माझे तास तिनं घेतले, तिचे सासरे दवाखान्यात होते तेव्हा तिचे मी घेतले. सख्ख्या बहिणीला न सांगितलेल्या गोष्टी मी तिला सांगितल्या होत्या.

मग पूर्णवेळ जागा निघाली. एकच. संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की दोघींनी पोरांसमोर आणि संचालकांसमोर एकेक पाठ घ्यायचा, जिचा चांगला होईल तिला जागा. जीपमध्ये आम्ही ठरवलं, जिला मिळेल तिनं दुसरीला पेढा द्यायचा आणि रुसायचं कुणीच नाही. पण मला ती जागा हवी होती, हे मी लपवणार नाही. वयाच्या अटीत बसायला माझं ते शेवटचं वर्ष होतं. ही गेली की पुढं जन्मभर तासिकाच.

पाठाच्या दिवशी आधी तिची पाळी होती. विषय वर्तुळाकार गती. पाण्यानं भरलेली बादली डोक्यावरून गरगर फिरवायची आणि थेंब सांडू द्यायचा नाही. सकाळी मी बादली उचलून पाहिली तर कडी एका कानातून निसटायला आली होती. बादली खाली येते तेव्हा हाताला सगळ्यात जास्त ओढ लागते, नेमकी तिथं ती सुटली असती आणि पुढच्या रांगेत बसलेल्या एखाद्या संचालकाच्या मांडीवर गेली असती. मी प्रयोगशाळेतून तार आणली आणि कडी पक्की आवळून दिली. पाठ झकास झाला. टाळ्या वाजल्या, त्यात सगळ्यात जोरात माझ्या होत्या.

मग मी. पत्र्याच्या हॉलमध्ये छताच्या लोखंडी कैचीला आदल्या दिवशीच दोरी बांधली होती. पलीकडच्या खांबावर माझ्या नाकाच्या उंचीची खडूची रेघ मारली. पोरांना सांगितलं, ‘वजन तिकडंही या रेघेच्या वर जाणार नाही, बघत राहा.’ भिंतीला डोकं टेकलं, वजन नाकाशी धरलं, तेवढ्यात अध्यक्ष बोलले.

‘थांबा बाई. तुमीच धरायलाव, तुमीच सोडायलाव. मंग सोडताना नाकापासून जरा लांबच धरत असताल. दुसऱ्या कुनाला तरी सोडू द्या की.’

शंका रास्त होती. पहिल्यांदा कुणीतरी खरा प्रश्न विचारला म्हणून मला बरंच वाटलं. मी कुणाला बोलवावं याचा विचार करायच्या आत ती उठून पुढं आली, आणि मी निर्धास्त झाले. तिनं दोन्ही हातांत वजन घेतलं.

‘नुसतं सोड,’ मी म्हणाले.

‘म्हाईत हाय गं,’ ती म्हणाली.

वजन गेलं. पलीकडं जायला दोन सेकंद, यायला दोन. सगळा हॉल माझ्या तोंडाकडं बघत होता, मी खांबाकडं. वजन रेघेपाशी थांबलं नाही. चांगलं सहा बोटं वर गेलं. आपोआप ते तेवढं वर जाऊ शकत नाही, कुणीतरी जास्तीचा धक्का दिल्याशिवाय. आणि जे तिकडं वर गेलं ते इकडंही तेवढंच वर येणार, म्हणजे माझं नाक जिथं आहे त्याच्याही पलीकडं, भिंतीपर्यंत. एवढं कळायला मला अर्धा सेकंदही लागला नाही. मी बाजूला सरकले. वजन येऊन भिंतीला घासलं आणि गिलाव्याचा एक पोपडा खाली पडला.

‘म्याडम भ्याल्या!’ मागून कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसायला लागला.

‘बाईच्या नियमावर बाईचाच भरवसा न्हाई,’ अध्यक्ष म्हणाले. संचालकही हसले. नियमावर भरवसा होता म्हणूनच मी सरकले होते, पण हे समजावून सांगायला वेळ लागतो आणि हसायला लागत नाही. मी खांब दाखवला, भिंत दाखवली, पुन्हा एकदा सोडू द्या म्हणाले. अध्यक्ष चहाला उठले होते. आणि ती, सगळ्यांच्या देखत, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘अगं, सरकलीस कावून? काई झालं नसतं.’

आठ दिवसांनी तिच्या नावाचा आदेश आला. संध्याकाळी परतताना तिनं जीपमध्ये पेढ्यांचा पुडा उघडला. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी तोवर फक्त ऐकलं होतं. मी पेढा घेतला आणि तसाच हातात धरून विचारलं, ‘ढकललंस का?’

ती हात निसटला म्हणेल, असं मला वाटलं होतं. तसं म्हणाली असती तर मी खोटं खोटं का होईना, मानून घेणार होते. घरून तसं ठरवूनच निघाले होते.

तिनं पुडा मिटून मांडीवर ठेवला. मग माझा हात हातात घेऊन अगदी मायेनं म्हणाली, ‘तुला लागू दिलं नसतं गं मी. तू रेघ बघनार आन् सरकनार, मला पक्कं ठाऊक होतं. दुसरी कुनी असती तर मी हात बी लावला नसता.’

हे तिनं माझी समजूत घालायला सांगितलं. माझ्या डोक्यात काय चालतं हे सगळ्या जिल्ह्यात तिला एकटीला माहीत होतं, आणि ते तिला मीच सहा वर्षं रोज सांगितलं होतं.

मांजरसुंब्याला जीप थांबली तशी मी उतरले. ‘अगं, बीड न्हाई आलं अजून,’ ती आतून म्हणाली. मी दार लावलं. फाट्यावर लोक चहा पीत बसले होते, त्यांच्यासमोर मी रडले आणि मला लाज वाटली नाही. सरकायला नको होतं, असं तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. नाक फुटलं असतं, पण तिचा माझ्याबद्दलचा अंदाज तरी चुकला असता.