पदरात न पडलेलं लॉक

पिस्टनची पिन बाहेर सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेचं बारीक कडं बसवतात. आम्ही त्याला लॉक म्हणतो. दोन जातींचं असतं. शेपटीचं पकडीत धरता येतं, एकट्या माणसाला जमतं. बिनशेपटीचं दाबून बसवावं लागतं आणि हात चुकला की उडतं.

म्हणून माझी बायको इंजिनाच्या उघड्या तोंडावर पदर धरून बसायची. आयुष्यभर उडालेली लॉकं तिने झेलली. ती गेली आणि मी गुपचूप शेपटीची लॉकं आणली.

दिवाळीनंतर धुळ्याचा एक पैलवानी गडी शर्यतीची मोटरसायकल घेऊन जळगावला माझ्याकडे आला. शर्यतीचं इंजिन इतकं पळतं की ती शेपटीच लॉकला ओढून बाहेर काढते. मग सुटलेली पिन सिलिंडर फाडते. मला पाठ आहे हे. तरी हात शेपटीच्याच पुडीकडे गेला. लाज वाटली. बिनशेपटीची पुडी काढली, घरातून बायकोचं हिरवं लुगडं आणलं आणि त्याला म्हटलं, "धर."

"आबा, मी पदर धरू?"

"नाहीतर मी धरतो, तू लॉक बसव."

धरला बिचाऱ्याने, मिशीला पीळ देत. एका हाताने मिशी, म्हणजे लुगड्याचं एक टोक सुटलेलं. तेवढ्यात लॉक उडालं. लुगड्यात नाही, फरशीवर नाही.

"बाहेरच उडनं व्हई आबा. दुसरं लाई द्या."

"आणि आत असलं तर? तुझ्या इंजिनाचा चिवडा होईल."

"रविवारले शर्यत शे!"

"असू दे. लॉक सापडल्याशिवाय इथे चहासुद्धा मिळत नाही." हा तिचा कायदा.

सगळं इंजिन खोललं. दुपार गेली. आत काही नाही. घाम पुसायला मी टोपी काढली आणि लॉक टपकन मांडीवर पडलं.

गडी टोपीकडे बघतच राहिला. ती असती तर तिने आधी माझी टोपीच झटकली असती.

इंजिन पिस्टनपर्यंत पुन्हा जोडलं. टोपी खुंटीला अडकवली. उडालेलं लॉक फेकलं, नवं घेतलं, त्याचं तोंड, म्हणजे कड्यातली फट, खाली ठेवून दाबलं. टक्.

"बसनं का आबा?"

असंच ती विचारायची. "बसलं," म्हटलं.

"मंग आते चहा?"

"तूच कर. साखर ती कुठे ठेवायची ते मला अजून सापडलेलं नाही."