खालून वाचलेली यादी

"खालून वाचजो, भाऊ," एवढं म्हणून तो माझ्याकडे पाठ करायचा आणि लोखंडी कपाटाला कपाळ टेकून उभा राहायचा.

मी गोंदियातल्या एका कॉलेजात क्रीडा विभागाचा बाबू. तो आमच्या कबड्डी संघाचा रेडर, दरेकशाहून पॅसेंजरने येणारा. टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये जाऊ शकतील अशा कॉलेजच्या खेळाडूंची एक यादी दर सोमवारी मोबाइलवर निघायची. वीस नावं. आठवड्याचा खेळ पाहून वरची खाली, खालची वर. शेवटच्या यादीत जे उरतील, त्यांना निवड शिबिराचं बोलावणं.

मॅटवर सात जणांत हसत शिरणारा हा गडी, पण यादी म्हटली की हात गार पडायचे. म्हणून ही रीत. मी विसाव्यापासून वर चढायचं. दुसऱ्याचं नाव आलं की हा श्वास सोडायचा, म्हणजे आपण त्याच्या वर. सोळावा होता, अकरावा झाला, मग सातवा. मी चिडायचो, परीक्षेच्या निकालाला तरी इतका भितोस का म्हणून. तो म्हणायचा, "निकाल एकदाच लागते, भाऊ. हे दर सोमवारी लागते."

हंगाम संपत आला आणि सरावात त्याचा गुडघा मुरगळला. जिन्याचा कठडा धरून चढताना मीच पाहिलं. डॉक्टरला दाखव म्हटलं, तर माझं मनगट धरलं. "कोचले सांगू नोको. एक सामना बसलो तं नाव खाली जाते." खरं सांगतो, मलाही तीच भीती वाटली. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

शेवटच्या सामन्यात त्याने एकट्याने अर्धा संघ बाद केला, आणि मग गुडघा सरकला. स्ट्रेचरवरून नेलं त्याला. सोमवारी कुबडी घेऊन हजर. ऑपरेशन सांगितलंय म्हणाला, अन् कपाटाकडे वळला.

मी मूर्ख. आधी नजर फिरवून घ्यावी, एवढं सुचलं नाही. सवयीने वाचत सुटलो. विसाव्याला दुसराच. पंधराव्यालाही दुसराच. दहाव्याला त्याचा श्वास मोकळा झाला. सातव्यालाही दुसराच निघाला, तेव्हा त्याने कुबडी बाजूला टेकवली आणि ताठ उभा राहिला. मी घाईने वरची सहा नावं पाहिली, त्यात तो नव्हता. जखमी म्हणून त्याचं नाव काढलं होतं, हे मला तेव्हा उमगलं. थांबायची हिंमत होईना. तिसऱ्या नंबरचं नाव वाचलं, दुसऱ्या नंबरचं वाचलं.

"आता एकच रायला, भाऊ," तो म्हणाला. आवाजात हसू होतं.

मी पहिलं नाव वाचलं.

न वळताच त्याने कुबडी चाचपली आणि माझ्याकडे न बघता तो निघून गेला. कॉलेजही सोडलं त्याने. कपाटाच्या पत्र्यावर त्याच्या कपाळाचा तेलकट डाग आहे. शिपाई पुसायला गेला की मी त्याच्यावर खेकसतो.