मामांची अंबाडी

जगातल्या यच्चयावत वस्तू सावलीतच वाळल्या पाहिजेत असं मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि ते माझे मामा आहेत. "उन्हात वाळल्यालं वरून वाळतंय, आतून रडत बसतंय," असं ते म्हणतात. नांदूरघाटच्या बाजूला उन्हाचा तुटवडा असल्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही. तरी मामांची मिरची सावलीत, शेवया सावलीत आणि धोतरही सावलीतच. पावसाळ्यात हे धोतर कधी पुरतं वाळत नाही. ते नेसून मामा लग्नाला आले की शेजारची मंडळी हळूहळू दूर सरकतात, आणि मामांना तो आपला मान वाटतो. स्वतःचं लग्नही त्यांनी मुलगी पसंत केल्यावर बऱ्याच वर्षांनी केलं. मुलीकडून निरोपावर निरोप येत होते आणि इकडून एकच उत्तर जात होतं, "घाई कावून करायची?" मामी त्या काळाविषयी बोलताना अजूनही 'मला वाळत घातलं होतं तवा' अशी सुरुवात करतात.

या तत्त्वज्ञानाचा खरा कस लागतो तो गेनबापायी. गेनबा हा मामांचा तालमीतला जोडीदार. दिवाळी झाली की तो टोळीबरोबर कोल्हापूरकडे ऊसतोडीला जातो. दिवसभर वाकून ऊस तोडल्यावर रात्री त्याचे गुडघे त्याला झोपू देत नाहीत, आणि डॉक्टरांच्या गोळ्या म्हणजे मामांच्या मते उन्हात वाळवलेलं औषध. म्हणून मामा दरवर्षी तुरीच्या मधोमध गांजाची दोन झाडं लावतात. स्वतः ते कातरलेल्या सुपारीनेही गरगरतात. टोळीचा ट्रक निघायच्या आधी गेनबाच्या गाठोड्यात पुडी गेली पाहिजे, एवढाच त्यांचा नेम. हा नेम कायद्याला मान्य नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून विचारणाऱ्याला ते झाड अंबाडीचं असल्याचं सांगतात. पानं बरीचशी तशीच दिसतात. गावही समंजस आहे. त्या अंबाडीची भाजी कुणी कधी मागत नाही.

गेल्या दिवाळीला मात्र आभाळ हटेना. सकाळी धुकं, दिवसभर गारठा, भिंतींना ओल. आतल्या खोलीत फांद्या उलट्या टांगलेल्या, खिडकी बोटभर उघडी आणि पंख्याचं तोंड भिंतीकडे, कारण झाडाच्या थोबाडावर वारं मारणं मामांना असभ्यपणाचं वाटतं. सुट्टीला गेलेल्या मलाही त्यांनी बुरशी हुंगायच्या कामाला लावलं. ते स्वतः सकाळ-संध्याकाळ एक काडी कानाजवळ नेऊन वाकवत. कटकन मोडली तर माल वाळला. काडी नुसती वाकायची.

वास लपवायला मामी घरभर उदाचा धूर करत. अशाच धुरात एके सकाळी तालुक्याचे एक पुढारी मतं मागायला आले. घरात पूजा चालली असावी असं समजून त्यांनी डोक्याला रुमाल बांधला. मग त्यांची नजर आतल्या खोलीत गेली.

"काका, हे काय?"

"अंबाडी. बियाण्याला ठिवली."

पुढाऱ्यांनी फांद्यांना हात जोडले. आपली माती, आपली भाजी, आपली संस्कृती यांवर ते उभ्या उभ्या बोलले आणि एका फांदीवर प्रेमाने हात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला. दुपारपर्यंत तो तालुकाभर फिरला, खाली 'अंबाडी आमचा अभिमान' असं लिहून.

मामींनी डोक्याला हात लावला. "आवो, आता तरी काढा ते. समदे जेलात जाऊ."

"फोटूत म्या न्हाई, त्यो हाय," मामा शांतपणे म्हणाले. "आधी त्याला नेतील."

आणि ट्रकचा दिवस उजाडला. काडी अजून वाकतच होती. गेनबा निरोप घ्यायला आला आणि खोलीत मान वर करून उभा राहिला.

"दे बे तशीच. तिकडं फडात पाचटाच्या कोपीवर वाळवतो."

"कोपीत बुरशी धरंल. ती तुज्या छातीत जाईल."

"आन् माज्या गुडघ्यात काय जातंय ते?"

मामांनी एक फांदी काढली, चुलीपुढे बसले आणि ती धगीवर धरली. गेनबानेच त्यांचा हात मागे ओढला.

"ऱ्हाऊ दे बे. जन्मभर घाई केली न्हाईस, आता माज्यापायी नको. आलो की ओढतो."

मग तो गेला. त्याला ट्रकवर चढवताना दोघांना खालून आधार द्यावा लागला.

ट्रक गेला आणि आभाळ निवळलं. माझी सुट्टी संपत आली होती. एका संध्याकाळी आतल्या खोलीतून हाक आली, "भाच्या, गेन्याला फोन लाव." मी लावला. पलीकडून भांड्यांचे आणि पोरांच्या रडण्याचे आवाज येत होते.

"ऐक बे," मामा म्हणाले, आणि फोनपाशी काडी नेऊन त्यांनी ती मोडली. कट्.

मग गेनबाचा आवाज आला.

"अजून एक मोड."

मामा वर बघत दुसरी काडी निवडू लागले. सावकाश, नेहमीसारखे. गेनबानेही घाई केली नाही.